डीव्हीडीवरचे ‘रीजन’चे कुलूप कशासाठी असते, आणि ते उघडले तर गुन्हा होतो का?

तापीकाठ (चोपडा)

सर्व सभासदांना राम राम.

चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून मी निवृत्त झालो, त्याला आता नऊ वर्षे होतील. या दिवाळीत मुलगी न्यू जर्सीहून माहेरी आली, तेव्हा तिने माझ्यासाठी जुन्या बंगाली चित्रपटांच्या तीन डीव्हीडींचा संच आणला. संच रीतसर दुकानातून घेतलेला आहे आणि पावती अजून खोक्यातच आहे. पाडव्याच्या दिवशी जेवणे उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. तबकडी आत गेली, फिरू लागल्याचा आवाज आला, आणि ‘ही तबकडी या रीजनसाठी नाही’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ पडद्यावर येऊन थांबली. तबकडी पुसून पाहिली, मग दुसरी लावली, तिसरीही लावली, ओळ तीच.

मुलीने खोक्याची मागची बाजू दाखवली. तिथे पृथ्वीगोलाचे नखाएवढे चित्र आहे आणि त्यात १ हा आकडा आहे. आमचा प्लेअर उचलून मागे पाहिले, तर तसाच गोल, पण आकडा ५. बारा वर्षे ज्या यंत्रावरची धूळ मी स्वतः पुसत आलो, त्याच्या पाठीवर ही खूण आहे हे मला त्या दिवशी कळले.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एका दुरुस्तीवाल्या मुलाने सांगितले, “काका, दोनशे रुपये द्या, रिमोटवरूनच खुला करून देतो.” मी प्लेअर तसाच परत आणला. तो मुलगा फसवत होता असे मला वाटले नाही. पण एकतीस वर्षे मुलांना ‘नक्कल करू नका’ असे सांगत आलेल्या माणसाने कायदा काय म्हणतो ते न विचारता कुलूप उघडून घ्यावे, हे मनाला पटेना. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवर हे कुलूप मुळात का असते? आणि ते उघडणे आपल्या देशात गुन्हा आहे का?

भुसावळ_जंक्शन

गुरुजी, आधी आकड्यांचा अर्थ सांगतो. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ मध्ये युरोप, जपान, मध्यपूर्व आणि दक्षिण आफ्रिका. ३ आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान आणि हाँगकाँग. ४ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मेक्सिकोसह लॅटिन अमेरिका. आपण ५ मध्ये, सोबत रशिया आणि बहुतेक आफ्रिका. ६ एकट्या चीनसाठी आहे, ७ राखून ठेवलेला आहे आणि ८ विमाने व जहाजे यांच्यासाठी. लोक ज्याला ‘रीजन झिरो’ म्हणतात तो अधिकृत विभाग नाही. सगळ्या विभागांना परवानगी दिलेल्या तबकडीला पडलेले ते बोलीतले नाव आहे.

सातपुडा_पायथा (शिरपूर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. त्या काळी हॉलिवूडचा चित्रपट साऱ्या जगात एकाच दिवशी लागत नसे. प्रिंट काढणे खर्चाचे काम होते, त्यामुळे आधी अमेरिकेत चित्रपट चालायचा आणि मग काही महिन्यांनी इतर देशांत पोचायचा. तोपर्यंत अमेरिकेत त्याची डीव्हीडी निघालेली असे. तीच तबकडी टपालाने लंडनला किंवा मुंबईला गेली, तर तिथल्या टॉकीजचा धंदा बुडेल ही स्टुडिओंना धास्ती होती. दुसरे कारण किमतीचे. एकच चित्रपट श्रीमंत देशात महाग आणि दुसरीकडे स्वस्त विकायचा, तर स्वस्त बाजारातला माल महाग बाजारात जाता कामा नये. तिसरे कारण असे की प्रत्येक देशातले हक्क वेगवेगळ्या वितरकांना विकलेले असतात आणि ज्याने पैसे मोजले त्याला आपला प्रांत राखून हवा असतो.

आता हे कुलूप किती लहान आहे ते पाहा. तबकडीवरच्या एका माहितीच्या फाइलमध्ये आठ बिटांचा एक बाइट असतो, प्रत्येक विभागासाठी एक बिट, म्हणजे हो-नाहीची एक खूण. प्लेअर आपल्या विभागाचा बिट वाचतो. परवानगी असेल तर पुढे जातो, नसेल तर थांबतो. चित्र तेच, आवाज तोच, तबकडीचा व्यासही तोच. गुरुजींचा प्लेअर ती तबकडी वाचू शकतो, किंबहुना त्याने ती वाचूनच नकार दिला आहे.

साऱ्या कंपन्या हे कुलूप निमूटपणे बसवतात, ते कोणत्या सरकारी कायद्यामुळे नव्हे. डीव्हीडीवरचे चित्र सीएसएस नावाच्या पद्धतीने गुंतवून ठेवलेले असते. ते सोडवण्याच्या किल्ल्या परवान्याशिवाय मिळत नाहीत, आणि परवाना हवा असेल तर रीजनची अट पाळावी लागते.

पाचोरा_जामनेर

आमच्या भागातल्या माणसाला हे लगेच समजेल. पाचोरा–जामनेर गाडी अडीच फुटांच्या नॅरोगेजवर चालायची आणि मुख्य मार्ग ब्रॉडगेज. पाचोऱ्याला उतरून गाडी बदलावीच लागे, कारण आमचा डबा त्या रुळांवर चढूच शकत नव्हता. रीजन म्हणजे डीव्हीडीचा गेज.

सातपुडा_पायथा (शिरपूर)

पाचोराकर, उदाहरण जवळचे आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही. गेजचा फरक लोखंडाचा होता. रूळच वेगळ्या रुंदीचे होते. इथे रूळ एकच आहेत, डबा सहज जाऊ शकतो, फक्त रुळांत एक माणूस लाल झेंडी धरून उभा केला आहे. गेजच्या उदाहरणात बसेल असा फरक म्हणजे पाल आणि एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या दोन पद्धतींचा. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रे आणि डीव्हीडीवर ५७६ ओळी देते. अमेरिकेची एनटीएससी सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे आणि ४८० ओळी. हा खरा तांत्रिक भेद आहे आणि रीजनशी त्याचा काही संबंध नाही. लोक दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून स्पष्ट लिहिले.

पाचोरा_जामनेर

मान्य. झेंडीचे उदाहरण अधिक बरोबर आहे.

नाना_पेटीवाले (भुसावळ)

माझी उमेदीची सत्तावीस वर्षे भुसावळला एका चित्रपट वितरकाच्या कचेरीत गेली, म्हणून या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आज नव्या पिढीला ठाऊक नसेल, पण चित्रपटाच्या धंद्यात भुसावळचे नाव मोठे होते. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरकांची आणि टॉकीजवाल्यांची संस्था आपल्या भुसावळची. अमरावती, भुसावळ आणि इंदूर या गावांतून मध्य भारतातल्या टॉकीजना चित्रपट जात. देश सर्किटांत वाटलेला होता: मुंबई, सी. पी. बेरार, निजाम, म्हैसूर, दिल्ली–यू. पी. आणि असे आणखी काही. निर्माता प्रत्येक सर्किटचा हक्क वेगळा विकायचा. मिनिमम गॅरंटीची रक्कम वितरक आधी मोजायचा आणि कित्येक चित्रपट त्याच पैशावर पुरे व्हायचे. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म. ती गोल डब्यांत भरून पत्र्याच्या पेटीत बंद करायची आणि पेटी रेल्वेने पाठवायची. पेटीवर गावाचे आणि टॉकीजचे नाव रंगवलेले असे. रात्री अकराच्या गाडीने पेटी चढली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिथले पोस्टर खोटे ठरणार, म्हणून मी फलाटावर पार्सलबाबूच्या शेजारी उभा राहून ती डब्यात गेलेली पाहायचो.

हे सांगण्याचे कारण असे की प्रांत वाटून घेणे ही काही लबाडी नव्हे. त्या वाटणीवर चित्रपट उभे राहिले आणि आमच्यासारख्यांची घरे चालली. रीजन कोड हे त्याच सर्किटचे जगाएवढे केलेले रूप आहे. म्हणून ‘उघडून टाका, काय होते?’ असे कुणी म्हटले की मला वाईट वाटते. व्हिडिओ कॅसेटच्या काळात नवा चित्रपट शुक्रवारी लागायचा आणि रविवारी गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये तीन रुपयांत दिसायचा. त्यात माझ्या ओळखीच्या दोन टॉकीज बंद पडल्या. एकीच्या जागी आज मंगल कार्यालय आहे.

यावलची_लेक

नानांशी मी सहमत आहे. मालकाने कुलूप लावले असेल, तर ते लावण्यामागे त्याचा काही विचार असणार. आज पाहण्यासाठी उघडायचे, उद्या प्रती काढण्यासाठी उघडायचे. मधली रेघ कोण आखणार?

धुळे_वकिली

यावलच्या ताईंनी विचारलेली रेघ कायद्याने आखलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी धुळ्याला वकिली करते. हे माझे कायद्याचे वाचन आहे. प्रत्यक्ष खटला उभा राहिला तर कागदपत्रे पाहूनच सल्ला घ्यावा.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ सालच्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आले आणि ती दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. त्याआधी अशी तांत्रिक कुलपे तोडण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र शिक्षा नव्हती. कलम ६५अ असे सांगते की, या कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी वापरलेला परिणामकारक तांत्रिक उपाय जो कुणी ‘त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने’ चुकवील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सगळा भर हेतूवर आहे. केवळ कुलूप उघडले म्हणून गुन्हा होत नाही. हक्कभंग करायचा म्हणून उघडले असेल तर होतो.

मग हक्क कोणते? चित्रपटाच्या बाबतीत ते कलम १४ मध्ये मोजून दिलेले आहेत. चित्रपटाची प्रत काढणे, प्रत विकणे किंवा व्यापारी भाड्याने देणे, आणि चित्रपट लोकांपर्यंत पोचवणे, हे मालकाचे हक्क. स्वतःच्या घरात बसून, विकत घेतलेली तबकडी डोळ्यांनी पाहणे हे त्या यादीत नाही. जो हक्क मालकाकडे राखलेलाच नाही, त्याचा भंग करण्याचा हेतू गुरुजींकडे असू शकत नाही. शिवाय त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की, या कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी असे काही केले, तर हे कलम आड येणार नाही.

आणखी एक मुद्दा उरतो, तो कुलपाच्या स्वरूपाचा. रीजनचा बिट प्रत काढणे थांबवत नाही. तबकडी कोणत्या देशात चालावी एवढेच तो ठरवतो. सातपुडा यांनी सांगितलेले सीएसएस हे त्याहून निराळे आहे. त्यामुळे रीजन हा ‘हक्कांच्या रक्षणासाठीचा उपाय’ आहे की निव्वळ बाजाराची वाटणी, यावरच वाद घालता येतो आणि मी घातला असता तर ती निव्वळ बाजाराची वाटणी आहे या बाजूने घातला असता.

तबकडी परदेशातून आणण्याबद्दलही सांगून टाकते. कलम ५१ मध्ये हक्कभंग करणाऱ्या प्रतींच्या आयातीला मनाई आहे, पण तिथेच परंतुक आहे: आणणाऱ्याच्या खासगी व घरगुती वापरासाठी एक प्रत आणता येते. मुलीने सामानातून एक संच आणला, यात काळजीचे काही नाही.

काळजी घ्यायची आहे ती गोलाणीतल्या मुलाने. दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कशासाठी उघडून दिले ते कारण, यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असे कलम ६५अ सांगते. किती दुकानांत अशी वही आहे ते आपण सारे जाणतो.

केळीबाग (रावेर)

वकीलताई, नोंदवहीची ही अट मी पहिल्यांदा ऐकली. माझ्या चुलतभावाचे दुरुस्तीचे दुकान आहे. आज संध्याकाळीच त्याला शंभर पानी वही नेऊन देतो.

अमळनेरकर_मेलबर्न

मूळचा अमळनेरचा, गेली अठरा वर्षे मेलबर्नला आहे. इथे हाच प्रश्न लोकांनी फार नेटाने लढवला. इथल्या ग्राहक आयोगाने रीजन कोडबद्दल उघड शंका घेतली, आणि २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने सोनीच्या खेळयंत्राच्या खटल्यात रीजनचे कुलूप हे कॉपीराइटचे रक्षण करणारे साधन मानायला नकार दिला. पुढे अमेरिकेशी झालेल्या करारामुळे कायदा कडक करावा लागला, तेव्हा २००६ च्या दुरुस्तीत संसदेने नीट लिहूनच ठेवले की, परदेशात घेतलेली अस्सल प्रत इथे चालू नये एवढ्यासाठी बाजाराची भौगोलिक वाटणी करणाऱ्या कुलपाला ते संरक्षण मिळणार नाही. न्यूझीलंडच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. इथल्या दुकानांत मल्टी-रीजन प्लेअर मी उघडपणे विकायला ठेवलेले पाहिले आहेत, खोक्यावर तसे छापून.

शिरपूर_पॉलिटेक्निक

अमेरिकेत मात्र चित्र उलट आहे. तिथला १९९८ चा कायदा कुलूप चुकवण्यालाच मनाई करतो. हेतू काय होता हा प्रश्न आपल्यासारखा मध्ये येत नाही. १९९९ मध्ये सीएसएस उघडणारा डीसीएसएस नावाचा प्रोग्रॅम निघाला. तो संकेतस्थळावर ठेवायला २००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मनाई केली आणि २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. त्याच प्रोग्रॅमशी नाव जोडले गेलेल्या योन लेक योहान्सन या नॉर्वेच्या तरुणावर तिथे फौजदारी खटला झाला. तो २००३ च्या जानेवारीत सुटला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही सुटला. स्वतः विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा हक्क तिच्या मालकाला आहे, असे नॉर्वेच्या न्यायालयाने धरले. एकच प्रोग्रॅम, दोन देश, दोन निकाल. म्हणून परदेशी संकेतस्थळावर वाचलेले ‘बेकायदेशीर आहे’ किंवा ‘कायदेशीर आहे’ हे वाक्य जसेच्या तसे चोपड्याला लावू नये.

नंदुरबार_०२

लॅपटॉपवर प्रयत्न करण्याच्या विचारात असलेल्यांनी माझा अनुभव वाचावा.

१ जानेवारी २००० नंतरच्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजन फर्मवेअरमध्येच, म्हणजे ड्राइव्हच्या आत भरलेल्या प्रोग्रॅममध्येच, बसवलेला असतो आणि वापरणाऱ्याला तो पाचच वेळा बदलता येतो. मला हे ठाऊक नव्हते. मामांनी दुबईहून आणलेली तबकडी लावली की खिडकी यायची, ‘रीजन बदलायचा का?’ मी हो म्हणायचो. आपली तबकडी लावली की पुन्हा हो. त्याच खिडकीत खाली बारीक अक्षरांत ‘शिल्लक बदल: ३’, मग ‘२’, मग ‘१’ असे लिहिलेले यायचे आणि मी ते वाचतच नव्हतो. शेवटी आकडा शून्यावर आला तेव्हा ड्राइव्ह २ वर थांबलेला होता. त्यानंतर आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला बायकोने जळगावहून विकत आणलेली ५ ची तबकडी त्या लॅपटॉपवर लागली नाही. सेवा केंद्रात गेलो, तर ‘ड्राइव्ह बदला, अडीच हजार लागतील’ असे उत्तर मिळाले. माझ्याच देशातली, माझ्याच गावाजवळ घेतलेली तबकडी माझ्याच यंत्राने नाकारली, याचा राग अजून गेलेला नाही.

शिरपूर_पॉलिटेक्निक

तुमचा राग रास्त आहे. असा ड्राइव्ह असेल तर आधी व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअरवर तबकडी लावून पाहायला हवी होती. तो प्लेअर बहुतेकदा ड्राइव्हला रीजन विचारत बसत नाही, किल्ली स्वतः शोधून काढतो. मात्र काही ड्राइव्ह चुकीच्या रीजनची तबकडी वाचूच देत नाहीत, तिथे त्याचाही इलाज चालत नाही.

पारोळा_किल्ला

या सगळ्यात व्हीसीडीची आठवण येते. व्हीसीडीला रीजनही नव्हता आणि सीएसएसही नव्हते. अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी नाटुकल्यांच्या व्हीसीडी आमच्याकडे आठवडी बाजारात, कांद्या-लसणाच्या दुकानांना लागून सुतळीवर टांगलेल्या असायच्या. सुरतला आणि वापीला कामाला गेलेली माणसे सणाला आली की दोन-चार घेऊन जायची आणि त्या तिकडे कोणत्याही यंत्रावर लागायच्या. पुढे मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चोरटी प्रत घेण्याचे कारणच उरले नाही. नाना, माझ्या मते टॉकीजला आणि निर्मात्याला राखायचे असेल, तर तो मार्ग कुलपापेक्षा जास्त कामाचा होता.

नाना_पेटीवाले (भुसावळ)

पारोळेकर, किमतीचा मुद्दा मान्य. ३४ रुपयांची डीव्हीडी मीही घेतलेली आहे.

वकीलताईंचे उत्तर दोनदा वाचले आणि रात्री त्यावर विचार केला. मी प्रांतवाटणीची बाजू घेतली, ती अजूनही घेतो. पण एक फरक माझ्या लक्षात आला नव्हता, तो आता मान्य करायला हवा. आमच्या सर्किटचा करार वितरकाला बांधायचा, टॉकीजवाल्याला बांधायचा. आमची पेटी निजाम सर्किटमधल्या टॉकीजला गेली असती, तर आम्ही भांडलो असतो, तक्रार केली असती. परंतु निजाम सर्किटमधल्या गावचा पाहुणा भुसावळला लग्नाला आला आणि रात्री नऊच्या खेळाला तिकीट काढून बसला, तर ‘तू कोणत्या सर्किटचा?’ असे डोअरकीपरने त्याला कधीही विचारले नाही. विचारले असते तर मालकाने डोअरकीपरलाच घरी पाठवले असते. करार व्यापाऱ्यांमधला होता आणि व्यापाऱ्यांपाशीच थांबत होता. या आठ बिटांनी तो प्रेक्षकाच्या दिवाणखान्यात आणून ठेवला. गुरुजी, तुम्ही तिकीट काढलेले आहे.

यावलची_लेक

नाना, तुमचे हे उत्तर वाचून माझेही मत बदलले. आता वकीलताईंना एक प्रश्न. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात शे-दीडशे डीव्हीडी आहेत, त्यांत काही परदेशातून देणगी आलेल्या आहेत. त्या सभासदांना घरी देता येतील का? आणि महिन्यातून एकदा सभागृहात दाखवता येतील का?

धुळे_वकिली

दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.

घरी देण्याबद्दल: २०१२ च्या दुरुस्तीने ‘व्यापारी भाडे’ या शब्दाची व्याख्या केली. नफा न कमावणाऱ्या वाचनालयाने किंवा शिक्षणसंस्थेने, रीतसर मिळवलेली प्रत नफ्याशिवाय वापरायला देणे हे व्यापारी भाडे ठरत नाही. त्यामुळे भारतात विकत घेतलेल्या डीव्हीडी निर्धास्तपणे द्या. परदेशी प्रतींबाबत मी सावध राहण्यास सांगेन. कलम ५१ मधली एका प्रतीची सवलत आणणाऱ्याच्या खासगी व घरगुती वापरापुरती आहे. वाचनालय म्हणजे कुणाचे घर नव्हे. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयात वॉर्नर ब्रदर्सचा एक खटला झाला. चेन्नईतील एक व्यावसायिक ग्रंथालय अमेरिकेसाठी काढलेल्या अस्सल डीव्हीडी इथे आणून भाड्याने देत होते. तबकड्या चोरट्या नसूनही, परवान्याशिवाय त्या आणून भाड्याने देणे हा हक्कभंग आहे, असे न्यायालयाने धरले. तो निकाल धंद्याबद्दल होता आणि तुमचे वाचनालय धंदा करत नाही, तरी आयातीबद्दलचा त्यातला विचार नजरेआड करू नये. देणगीच्या प्रती बाजूला ठेवा आणि त्याच चित्रपटांच्या इथल्या प्रती मिळतात का ते पाहा.

सभागृहात दाखवण्याबद्दल: ते चित्रपट लोकांपर्यंत पोचवणे झाले. रीजन कोणताही असो, त्यासाठी हक्कधारकाची परवानगी हवी. शाळेने आपले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता दाखवला, तर कलम ५२ मध्ये सूट आहे. गावासाठी खुला कार्यक्रम त्यात बसत नाही.

सातपुडा_पायथा (शिरपूर)

वकीलताईंनी ‘इथल्या प्रती पाहा’ असे लिहिले, ते योग्यच आहे, पण कित्येकदा इथली प्रत निघतच नाही, हे मला फार खुपते. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. कित्येक वर्षांनी त्यांवर मोठ्या कष्टाने काम करून चित्रपट पुन्हा उजळवले गेले आणि २०१५ साली अमेरिकेत त्यांच्या ब्ल्यू-रे तबकड्या आल्या. त्या विभाग अ च्या. ब्ल्यू-रेमध्ये आठाऐवजी तीनच विभाग आहेत आणि भारत विभाग क मध्ये येतो. म्हणजे बंगालच्या खेड्यातली अपू आणि दुर्गाची गोष्ट, तिच्या सर्वांत स्वच्छ रूपात, बंगालमध्ये विकलेल्या साध्या यंत्रावर लागत नाही. आपल्याच देशातला चित्रपट आपल्यालाच नाकारणाऱ्या अशा कुलपाच्या बाजूने मला एकही कारण सापडत नाही. त्यानंतर आलेल्या फोर-के अल्ट्रा एचडी तबकड्यांवर रीजन ठेवलेलाच नाही आणि तरीही त्यांचा धंदा चालतो.

भुसावळ_जंक्शन

गुरुजी, तुम्ही प्लेअर खुला करून घेणार असाल, तर एक सूचना. २००० च्या सुमारास काही रीजन १ च्या तबकड्यांत वाढीव तपासणी घातली गेली. ‘सगळे विभाग चालतील’ असे सांगणारा प्लेअर दिसला की त्या नकाशा दाखवून थांबतात. म्हणून शून्य ठेवून चालले नाही, तर नेमका १ आकडा घाला. आपल्या तबकड्या लावताना परत ५ करा. घरगुती प्लेअरमध्ये लॅपटॉपसारखी पाच वेळांची मर्यादा सहसा नसते, पण त्या मुलाकडून खात्री करून घ्या.

तापीकाठ (चोपडा)

सर्वांचे मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात जळगावला जाऊन आलो.

गोलाणीतल्या त्या मुलाला वकीलताईंचे उत्तर छापून दाखवले. त्याने ते शेवटपर्यंत वाचले आणि समोरच्या दुकानातून वही आणवली. पहिल्या पानावर त्याने रेघा मारून रकाने केले आणि माझे नाव, पत्ता, आधार कार्डावरचे शेवटचे चार आकडे लिहून घेतले. ‘कारण’ या रकान्यात काय लिहू असे विचारले. मी म्हणालो, “स्वतः विकत घेतलेल्या तीन तबकड्या घरी पाहण्यासाठी.” त्याने ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि मी पुढे सही केली. मग प्लेअरचा ट्रे उघडा ठेवून त्याने रिमोटवर चार आकडे दाबले. पडद्याच्या कोपऱ्यात एक ५ उमटला. त्याने वरचा बाण दाबत दाबत तो १ वर आणला. हे सारे चहा निवायच्या आत झाले. पैसे त्याने शंभरच घेतले.

नाना, तुमचे तिकिटाचे वाक्य मी घरी सर्वांना वाचून दाखवले. मुलगी परत गेली आहे, पण काल रात्री तिला फोनवर घेतले आणि फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवला. तिच्याकडे तेव्हा सकाळ होती. चित्र आमच्या जुन्या टीव्हीवर थोडे गडद दिसते, त्याबद्दल सातपुडा यांना वेगळा प्रश्न विचारणार आहे. पहिली तबकडी पूर्ण पाहिली. उरलेल्या दोन रविवारी.